निष्पत्ती कागदावर, पुस्तक बाजारात, विद्यार्थी वाऱ्यावर

आपल्या उच्च शिक्षणाच्या कारभारात गेल्या आठ-दहा वर्षांत ‘निष्पत्ती’ या शब्दाला मंत्राचे माहात्म्य प्राप्त झाले आहे. पदवीच्या प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाआधी चार-सहा वाक्ये छापलेली असतात. हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थी अमुक प्रमेय सिद्ध करील, तमुक समीकरण सोडवील, मिळवलेल्या ज्ञानाचे व्यवहारात उपयोजन करील, अशी ती वाक्ये. इंग्रजीत ज्याला कोर्स आउटकम म्हणतात तीच ही अभ्यासक्रम-निष्पत्ती. वाक्ये सुबक असतात आणि त्यांना खोटे ठरवण्याची सोय नसते, कारण ती सारी भविष्यकाळात लिहिलेली असतात. परंतु हे भविष्य ज्या पुस्तकातून घडावयाचे ते पुस्तक कोणते? ते निलंग्याच्या बाजारात वा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळते काय? शाळेतले पुस्तक जेथे संपले तेथून ते सुरू होते काय? या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे निष्पत्तींच्या कोष्टकात सापडत नाहीत. गणितात तर या मौनाची किंमत सर्वांत जबर आहे, आणि ती कोणाला मोजावी लागते हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रस्तुत लेखक गणिताचा नव्हे, अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. परंतु मागणीची लवचिकता शिकवताना वक्राचा उतार म्हणजे काय येथे वर्ग अडतो आणि पुढचे सारे अर्थशास्त्र पाठांतराचा विषय होऊन बसते, हा अनुभव नोकरीच्या सर्व वर्षांत आला. गणित ही शिडी आहे. इतिहासात एखादे प्रकरण सुटले तर पुढचे वाचता येते. गणितात मधली पायरी निखळली की वरच्या सर्व पायऱ्या निरुपयोगी होतात. म्हणूनच वरच्या पायरीवर काय साधावयाचे हे ठरवणाऱ्यांनी खालच्या पायऱ्या जागेवर आहेत की नाहीत, हे आधी पाहिले पाहिजे. आज ते पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

ही भाषा कोठून आली?

शिक्षणाची उद्दिष्टे पायरीपायरीने मांडण्याची पद्धत अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ग्रथित केली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण अशी ती मांडणी. ब्लूम पुढे परीक्षासुधारणेच्या कामी भारतातही येऊन गेले. त्या विचारात वावगे काही नव्हते. शिकवणाऱ्याने आपण कशासाठी शिकवतो याचा हिशेब द्यावा, ही मागणी रास्तच होती. परंतु आज निष्पत्तीचा जो अवतार आपल्यापुढे उभा आहे त्याचे मूळ शिक्षणशास्त्रात कमी आणि मानांकनाच्या व्यवहारात अधिक आहे. २०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्परमान्यतेच्या ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला आणि निष्पत्तीची भाषा तंत्रशिक्षणात सक्तीची झाली. २०१७ च्या सुधारित चौकटीनुसार ‘नॅक’ने सर्वसाधारण महाविद्यालयांकडूनही निष्पत्ती जाहीर केल्या काय आणि त्या कितपत साध्य झाल्या, याचा पुरावा मागण्यास सुरुवात केली. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने गणितासाठी निष्पत्ती-आधारित अभ्यासक्रमाची चौकट प्रसिद्ध केली. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीबरोबर २०२४-२५ पासून ही भाषा राज्यातील संलग्न महाविद्यालयांच्या प्रथम वर्षापर्यंत पोहोचली.

निष्पत्ती ‘साध्य’ झाल्याचे कसे ठरते, हे सामान्य वाचकाला ठाऊक नसते. ते समजून घेणे उद्बोधक आहे. प्राध्यापकाने प्रत्येक निष्पत्तीसमोर एक, दोन वा तीन असा आकडा लिहावयाचा. ती पदवीच्या व्यापक उद्दिष्टाशी किती निगडित आहे हे त्यातून दिसावयाचे. मग परीक्षेतील गुण त्या कोष्टकात भरावयाचे. समजा, साठ टक्के मुलांना निम्म्याहून अधिक गुण मिळाले तर साध्यता दोन. सत्तर टक्क्यांना मिळाले तर तीन. सरासरी काढावयाची, आलेख जोडावयाचा, फाईल बंद करावयाची. निष्पत्ती राबवणारा, अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका काढणारा, गुण देणारा आणि साध्यता मोजणारा एकच मनुष्य. आणि त्या आकड्यावर महाविद्यालयाची श्रेणी अवलंबून. अशा व्यवस्थेत आकडा खाली येईल कसा? नियोजनाच्या अर्थशास्त्रात हा अनुभव जुना आहे. साधनसामग्री न देता लक्ष्यांक लादला की लक्ष्य गाठले जात नाही, अहवाल मात्र गाठला जातो. आणीबाणीत नसबंदीच्या लक्ष्यांकांनी काय केले हे या देशाने पाहिले आहे. माणसांच्या जागी गुण आले म्हणून ती प्रवृत्ती निरुपद्रवी ठरत नाही.

या साऱ्या खटाटोपात एक रकाना नाही. अमुक निष्पत्ती अमुक पुस्तकाच्या अमुक प्रकरणातून साधावयाची आहे आणि त्यासाठी लागणारी पूर्वतयारी बारावीच्या अमुक प्रकरणात झालेली आहे, हे सांगणारा रकाना.

एका पिढीची कहाणी

शिडीच्या खालच्या पायऱ्या कशा हलल्या ते पाहा. बालभारतीची नववीची नवी गणिताची पुस्तके २०१७ साली आली, दहावीची २०१८ साली, अकरावीची २०१९ साली आणि बारावीची २०२० साली. म्हणजे २०१७ च्या जूनमध्ये जे मूल नववीत बसले त्याच्या हाती सलग चार वर्षे कोरे करकरीत पुस्तक पडले. शिक्षकालाही ते नवेच. आता त्या चार वर्षांत आणखी काय घडले ते आठवा. ही मुले अकरावीत असताना २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि वर्षअखेरची परीक्षा रद्द झाली. ती बारावीत गेली तेव्हा राज्य शासनाने अभ्यासक्रमात २५ टक्के कपात केली. वर्ग बहुतांशी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरले, आणि ज्यांच्या घरी एकच साधा फोन होता त्यांचे तेवढेही भरले नाहीत. २०२१ च्या जूनमध्ये बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के, असा गुणांचा काढा करून निकाल लावला गेला.

साथीच्या काळात याहून वेगळे काही करणे कठीण होते, हे मान्य करू. परंतु हीच मुले २०२१ साली पदवीच्या प्रथम वर्षात आली तेव्हा महाविद्यालयीन गणिताने त्यांची दखल कशी घेतली? बारावीच्या पुस्तकात सारण्या आहेत. २०२० च्या कपातीनंतर मुलांनी त्यातले किती शिकले याची नोंद कोणीही केली नाही. पदवीचा पेपर मात्र सारणीची कोटी आणि अभिलक्षणिक मूल्ये येथून खुशाल सुरू झाला. त्या वर्षी मुलांच्या तयारीकडे पाहून प्रथम वर्षाच्या गणिताच्या निष्पत्तीत एखादा शब्द बदलल्याचे, वा वेळापत्रकात सांधा जोडणारे चार तास अधिक टाकल्याचे, निदान माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना शिकवणी परवडत होती त्यांनी भोक बुजवले. उरलेल्यांपैकी कितीजण गणित सोडून गेले याचा हिशेब साध्यतेच्या कोष्टकात येत नाही, कारण सोडून गेलेल्यांची सरासरी काढली जात नाही.

साथ ही अपवादात्मक घटना म्हणावी, तर साथीवाचूनही हा तुटलेपणा कायमचाच आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात गणिती विगमनाची पद्धत आहे. परंतु मंडळाची परीक्षा बारावीच्या पुस्तकावर होते, आणि अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. तेव्हा विगमन पुस्तकात असते, डोक्यात नसते. उलट केंद्रीय मंडळाच्या शाळांत एनसीईआरटीने २०२२-२३ साठी केलेल्या कपातीत अकरावीच्या पुस्तकातून विगमनाचे आणि गणिती तर्काचे अशी दोन्ही प्रकरणे गाळली गेली. महाविद्यालयातील संख्याशास्त्राचा किंवा वास्तव विश्लेषणाचा पेपर मात्र ‘विगमनाने सिद्ध करा’ या आज्ञेने सुरू होतो. एका बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाने विगमन वाचून सोडून दिलेले असते, दुसऱ्याच्या पुस्तकातून ते काढून टाकलेले असते, आणि निष्पत्ती दोघांची एकच.

पुढे तर अधिक मोठे वादळ येणार आहे. एनसीईआरटीचे सहावीचे ‘गणित प्रकाश’ हे नव्या धर्तीचे पुस्तक २०२४ साली आले; ती मुले २०३१ साली महाविद्यालयाच्या दारात उभी राहतील. राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी २०२५ च्या मार्चमध्ये सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले आणि पहिलीपासून बदलाला आरंभ झाला. त्या वर्षी पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. तो लढा योग्यच होता. परंतु त्याच सुमारास गणिताची पुस्तके पहिलीपासून पदवीपर्यंत एका धाग्यात ओवली जाणार आहेत काय, हा प्रश्न विधिमंडळात वा रस्त्यावर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

निश्चयकाचा डिटरमिनंट होतो तेव्हा

ग्रामीण विद्यार्थ्यापुढे याहून एक अवघड भिंत आहे. दहावीच्या मराठी बीजगणितात तो दोन चलांतील रेषीय समीकरणे क्रेमरच्या पद्धतीने सोडवतो. त्या चार संख्यांच्या चौकोनी मांडणीला पुस्तक ‘निश्चयक’ म्हणते. तीनच महिन्यांनी तो अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसतो आणि त्याच वस्तूला ‘डिटरमिनंट’ म्हणतात. क्रमिकेची ‘सीक्वेन्स’ होते, श्रेढीचे ‘प्रोग्रेशन’ होते. ज्याच्याशी चांगला परिचय होता तो इसम परक्या वेषात समोर आला म्हणजे माणूस जसा बिचकतो, तसे हे मूल आपल्याच ज्ञानाला बिचकते. त्याला गणित येत नाही असा शेरा मारला जातो. वास्तविक त्याला गणिताचे नवे नाव कोणी सांगितलेले नसते. पदवीला तर शांतिनारायण यांची जुनी पुस्तके असोत वा बार्टल-शेर्बर्ट यांचे वास्तव विश्लेषण असो, सारेच इंग्रजीत. ‘विद्यार्थी अभिसारी क्रमिकांची संकल्पना स्पष्ट करील’ ही निष्पत्ती गाठावयाची तर कोणत्या भाषेत स्पष्ट करावयाची, हे अभ्यासमंडळाने एकदा तरी सांगावे.

येथे आमच्या भूमीचा एक इतिहास सांगितला पाहिजे. निलंगा हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यातील तालुका होता. निजामाच्या राजवटीने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले ते उर्दू माध्यमाचे. ती भाषा येथील मराठी, तेलुगू, कानडी जनतेची नव्हती. ते लादणे अन्यायाचेच होते, आणि त्या राजवटीविरुद्ध मराठवाड्याने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. विद्यापीठाआधी, १९१७ साली, त्या राजवटीने भाषांतर विभाग उघडला आणि गणित-विज्ञानासह सर्व विषयांची पुस्तके उर्दूत आणण्याचे काम हाती घेतले. पुस्तक आधी, वर्ग मागाहून, एवढे शहाणपण एका सरंजामी राजवटीपाशी होते. महाराष्ट्रानेही १९७० च्या दशकात नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळामार्फत मराठीत पदवीची पुस्तके काढण्याचा उपक्रम केला होता. पुढे ते काम खंडित झाले. २०२४ च्या जुलैत केंद्राने ‘अस्मिता’ नावाने पाच वर्षांत भारतीय भाषांत २२,००० पुस्तके काढण्याचे जाहीर केले, ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. स्वागत आहे. परंतु अभिजात भाषेतील पहिल्या वर्षाचे कलनशास्त्राचे पुस्तक कोठे आहे? नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली ज्यांचे नाव दिले ते स्वामीजी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, तत्पूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी कामगारांत काम केले होते. कामगार-शेतकऱ्यांच्या मुलाला त्याच्या भाषेतून ज्ञान मिळावे ही त्या नावाशी असलेली किमान इमानदारी आहे.

जुन्या पुस्तकाचे अर्थशास्त्र

आता माझ्या विषयाकडे वळतो. जुने पाठ्यपुस्तक ही गरीब कुटुंबाची भांडवली मालमत्ता असते. थोरल्या बहिणीचे पुस्तक धाकट्या भावाला चालते. नाही तर ते अर्ध्या किमतीला विकून पुढच्या वर्षाचे घेता येते. महाविद्यालयाच्या ग्रंथपेढीतील एक संच पाच वर्षांत पाच मुलांना पुरतो. अभ्यासक्रम बदलला की या मालमत्तेचे मूल्य एका रात्रीत शून्यावर येते. हा भांडवली नाश कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो शासनाच्या खात्यावर पडत नाही; तो हजारो घरांच्या खात्यावर विखुरलेला पडतो. सत्रपद्धतीने यात भर घातली. पूर्वी वर्षाला एका विषयाचे एक जाड पुस्तक होते. आता सत्रागणिक, पेपरागणिक एक पातळ पुस्तक. नव्या धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीची १२० ते १३२ श्रेयांके मुख्य विषय, गौण विषय, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा अशा अनेक खणांत वाटली गेली आहेत. खणांबरोबर पुस्तकेही वाढली, आणि गणिताच्या प्रत्येक तासासाठी झगडावे लागू लागले.

लातूर जिल्ह्यातील शेतकरी हा भार कशातून सोसतो? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याखाली विकावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातील उभी पिके पाण्याखाली नेली. अशा घरातील मुलगा दरसाल बदलणारी पुस्तके घेत नाही; तो चाळीस पानांचे गाईड घेतो, अपेक्षित प्रश्न पाठ करतो आणि उत्तीर्ण होतो. मग त्याचे गुण कोष्टकात भरले जातात आणि ‘विद्यार्थी स्वतंत्रपणे सिद्धता मांडू शकतो’ ही निष्पत्ती तिसऱ्या स्तरावर साध्य झाल्याचे जाहीर होते. या फसवणुकीत विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही भाग घेतात, परंतु तिचे कर्ते दोघेही नाहीत.

याच जिल्ह्याने ‘लातूर पॅटर्न’ जगाला दिला. जेथे प्रवेशपरीक्षेचे बक्षीस डॉक्टरकी वा अभियांत्रिकीची जागा असते, तेथे पुस्तक, प्रश्नसंच, सराव आणि शिक्षक यांचा सांधा किती घट्ट बसवता येतो हे लातूरने दाखवून दिले आहे. अभियांत्रिकीच्या सामाईक परीक्षेत अकरावीला २० टक्के आणि बारावीला ८० टक्के भार, हे तेथील लहान मूलही सांगते. म्हणजे पुस्तक आणि अपेक्षा जुळवणे अशक्य नाही. ज्यांच्यामागे शुल्क भरणारा बाप उभा आहे त्यांच्यासाठी बाजार ते जुळवतोच. तालुक्याच्या गावी बी. एस्सी.ला गणित घेणाऱ्या, उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मुलीसाठी ते जुळवणारा कोणी नाही. आणि तिच्या कच्च्या गणितावर पुढच्या पिढीचे गणित उभे राहणार आहे.

दक्षिण आफ्रिकेत काय झाले?

निष्पत्तीच्या भक्तांनी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. वर्णद्वेषी राजवट गेल्यानंतर तेथील नव्या सरकारने १९९७ साली ‘करिक्युलम २००५’ हा निष्पत्ती-आधारित अभ्यासक्रम मोठ्या आशेने जाहीर केला. हेतू उदात्त होता: पाठांतर संपावे, समता यावी. पुस्तकाचे महत्त्व कमी करून शिक्षकाने स्वतः साहित्य तयार करावे, असे सांगण्यात आले. गोऱ्यांच्या सुसज्ज शाळांना ते जमले. कृष्णवर्णीयांच्या शाळांत ना साहित्य होते, ना प्रशिक्षित शिक्षक. २००० साली लिंडा चिझम यांच्या समितीने क्लिष्ट परिभाषा, साहित्याचा तुटवडा आणि अपुरे प्रशिक्षण यांवर बोट ठेवले. २०१० साली शिक्षणमंत्र्यांनी ती पद्धत मोडीत काढत असल्याचे जाहीर केले. कहाणी येथे संपत नाही. २०१२ साली नवा अभ्यासक्रम आला तेव्हा लिम्पोपो या गरीब प्रांतात महिनोन्महिने पुस्तकेच पोहोचली नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१५ च्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने निर्णय दिला की, नेमलेले प्रत्येक पाठ्यपुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणे हा त्याच्या शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. समतेच्या नावाने पुस्तक बाजूला सारणाऱ्या देशाला अठरा वर्षांनी न्यायालयामार्फत पुस्तकाकडे परत यावे लागले. आपण तो प्रवास नव्याने करण्याचे कारण काय?

आपल्याकडे दिशा उलटी आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने गणितासह नऊ विषयांच्या निष्पत्ती-आधारित अभ्यासक्रमाचे मसुदे प्रसिद्ध केले. गणिताच्या मसुद्यात कालगणना, पंचांग, शुल्बसूत्रे, भारतीय बीजगणित यांना स्थान मिळाले. आणि बीजगणित, वास्तव विश्लेषण, उपयोजित गणित या गाभ्याच्या भागांची हेळसांड झाली, असे सांगत ९०० हून अधिक गणितज्ञांनी तो मागे घेण्याची मागणी केली. भास्कराचार्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु इ. स. ११५० च्या सुमाराची ‘लीलावती’ शतकानुशतके टिकली ती सरकारी आदेशाने नव्हे, तर ती उत्तम पाठ्यपुस्तक होती म्हणून: नियम, लगेच उदाहरण, मग पुढचा नियम. १५४५ साली गणेश दैवज्ञांनी तिच्यावर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, १५८७ साली फैजीने तिचे फारसीत भाषांतर केले. मूळ पुस्तक तेच राहिले, समजावणी काळानुसार बदलत गेली. परंपरेकडून घ्यावयाचा धडा हा आहे. मुहूर्ताचे गणित अभ्यासक्रमात घुसवणे म्हणजे परंपरा नव्हे.

आक्षेप आणि उत्तर

आम्हांला सांगितले जाईल की, पुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. चांगला शिक्षक दहा ग्रंथ पाहून शिकवतो. महाजालावर सारे फुकट उपलब्ध आहे. चांगला शिक्षक दहा ग्रंथ पाहतो हे खरे, पण तो कायम नेमणुकीचा, ग्रंथालय असलेला आणि वेळ असलेला शिक्षक असतो. तासिका तत्त्वावर राबणारा, दोन महाविद्यालयांत धावणारा, उन्हाळ्यात बिनपगारी राहणारा तरुण दहा ग्रंथ कोठून आणील? महाजालावरील व्याख्याने इंग्रजीत, दुसऱ्याच विद्यापीठाच्या क्रमाने असतात. ज्याला विषय कळला आहे त्यालाच त्यातून निवड करता येते. दुसरा आक्षेप असा की, आम्ही बदलाला विरोध करतो. तसे नाही. सांख्यिकी, संगणकावरील आकडेमोड, रेषीय बीजगणित यांचे महत्त्व वाढले आहे आणि अभ्यासक्रमाने ते ओळखलेच पाहिजे. आमचा विरोध बदलाला नाही. बदलाचा खर्च दुर्बलाच्या पदरात टाकून त्याचे श्रेय अहवालात घेण्याला आहे.

कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्यास सांगितले. २०२० च्या धोरणाने तेच सहा टक्के पुन्हा लिहिले. मधल्या ५४ वर्षांत ते गाठले गेले नाहीत आणि त्यानंतरही नाहीत. शासनाची स्वतःची निष्पत्ती ही अशी आहे. तिची साध्यता कोणत्या स्तरावर टाकावयाची?

मागण्या स्पष्ट आहेत. एक, गणिताच्या प्रत्येक निष्पत्तीबरोबर जोडपत्रक प्रसिद्ध व्हावे: अकरावी-बारावीचे कोणते प्रकरण गृहीत धरले, पदवीच्या कोणत्या पुस्तकातील कोणते प्रकरण व कोणती उदाहरणे नेमली, आणि परीक्षेत ती कशी तपासली जाणार. ज्या निष्पत्तीसमोर पुस्तक नाही ती रद्द समजावी. दोन, शालेय पुस्तक बदलले की ती मुले महाविद्यालयात पोहोचण्याआधी बालभारती, राज्य मंडळ आणि विद्यापीठांची अभ्यासमंडळे यांनी एकत्र बसून हे पत्रक सुधारावे. तीन, पदवीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षे स्थिर राहावा आणि बदलाची पूर्वसूचना एक वर्ष आधी, पुस्तकासह मिळावी. चार, प्रथम वर्षाचे गणिताचे पुस्तक मराठी-इंग्रजी जोडभाषेत, समोरासमोरच्या पानांवर, सार्वजनिक खर्चाने निघावे. बालभारतीची पुस्तके जशी महाजालावर मोफत मिळतात तसे तेही मिळावे आणि छापील प्रत तशाच स्वस्त दरात. पाच, सांधा जोडणारा वर्ग वेळापत्रकात असावा, त्याला श्रेयांक असावे आणि तो शिकवणाऱ्याला वेतन असावे. सहा, रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात आणि तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्यांना अभ्यासमंडळात निम्मे स्थान असावे.

यांपैकी एकाही मागणीसाठी परदेशी करार लागत नाही, नवा कायदा लागत नाही. इच्छा आणि थोडा पैसा लागतो. विद्यार्थी संघटनांनी आणि प्राध्यापकांच्या संघटनांनी पहिले पाऊल याच वर्षी टाकावे. आपापल्या महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या गणिताच्या निष्पत्ती मागवून घ्याव्यात, प्रत्येकीसमोर पुस्तकाचे नाव आणि प्रकरण लिहून दाखवा असे अभ्यासमंडळाला लेखी विचारावे, आणि जेथे उत्तर कोरे येईल तेथे ते कोरे उत्तर गावागावांत वाचून दाखवावे. मुलाच्या हाती पुस्तक देता येत नसेल, तर त्याच्या नावावर साध्यतेचे गुण लिहिण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही, हे ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे.